झावळीची राख

सानगडी, १ मार्च १९७९

माझ्या आईस फिलूचा येशूच्या नावाने नमस्कार.

मी बरी आहे. उपवासकाळ म्हणून एकदाच जेवते, पण पोटभर, तेव्हा काळजी नको. तू आता एकटीच जेवतेस की मावशीकडे जातेस?

काल राखेचा बुधवार. फादर येऊ शकले नाहीत, म्हणून आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर मीच गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची झावळी जाळली. बाबांनी देवाघरी जाण्याआधी विणून पाठवलेला तोच क्रूस. रीत आहे खरी, तरी हात मागे येत होता. धूर समोरच्या तळ्यावर पसरला आणि क्षणभर मला आपली वसईची वाडी दिसली, बाबा माडावर चढलेले.

माझ्या कपाळावर लावलेली राख पाहून इथली आया धुरपता म्हणाली, "कोनत्या देवाचा अंगारा व्हय जी, बाई?"

म्हटलं, माझ्या बाबांच्या हातचा आहे.

तिनं उरलेली राख मागून नेली आणि बियाण्याच्या धानात कालवली. म्हणाली, "आता याले किडा नाई लागत."

आई, पुनरुत्थानाचा सण एप्रिलात आहे. मी मात्र यंदा पावसाळ्यात ते धान उगवेपर्यंत वाट पाहीन.

तुझ्या हातावर ओठ टेकवून,
फिलू