पाचव्या फेरीपर्यंत

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुमच्या मातीलाही मी आले नव्हते.

वडनेर भोलजीच्या शाळेत तुम्ही आम्हा अकरा मुलींना पळायला शिकवलंत. पहाटे नांदुऱ्याकडच्या रस्त्यावर आम्ही पुढे आणि ट्रक जायचे त्या बाजूनं सायकल धरून तुम्ही मागे. लोक हसायचे. मग माझी परदेशातल्या ज्युनियर स्पर्धेसाठी निवड झाली, तीन हजार मीटरला, आणि हसणारेच घरी पेढे मागायला आले. बाबांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "हे एवढं पळून घे. मंग पुरे. पाहुणे पाहून राह्यलो मी."

निघायच्या तीन आठवडे आधी उजव्या नडगीत कळ सुरू झाली. उतारावर पाय टेकला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तुमच्या लक्षात आलं. सायकल आडवी घालून तुम्ही मला थांबवलंत. "काऊन व, पाय दुखून राह्यला का?"

"नाही सर. बूट नवे हायेत म्हून."

"खरं सांग. दुखत असन तं हाडाचा फोटो काढू. यंदा नाही तं पुढच्या वर्षी जाशीन."

पुढचं वर्ष मला नव्हतंच, सर. ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "खरंच नाही दुखत." तुम्ही विश्वास ठेवलात.

तिथे पाचव्या फेरीत, वळणावर, ते हाड मोडलं. कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज मला स्वतःला ऐकू आला. बाकीच्या मुली माझ्या अंगावरून उड्या मारत पुढे गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, की तडा जुना आहे, काही आठवड्यांपूर्वीचा. तो कागद घेऊन मी घरी आले. बाबांनी तो गावातल्या डॉक्टरांकडून वाचून घेतला आणि माझ्या खाटेशी येऊन विचारलं, "सरले मालूम होतं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

दोन दिवसांनी तुम्ही मोसंबी घेऊन मला पाहायला आलात. बाबांनी अंगणातच तुमची कॉलर धरली. शेजारपाजारचे गोळा झाले. "तुमच्या नावासाठी माह्या पोरीचा पाय मोडला तुम्ही!" दार उघडंच होतं. खाटेवरची मी तुम्हाला दिसत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि बाबांना म्हणालात, "चुकलं भाऊ. मीच ध्यान द्याले पाहिजे होतं." मोसंबी ओट्यावर ठेवून तुम्ही गेलात. मला रडू आलं नाही. आपण वाचलो, एवढंच वाटलं.

मग बाबांनी शाळेत तक्रार केली. मुलींचा सराव बंद झाला. राहिलेल्या दहा जणींपैकी पुन्हा कोणीच पळालं नाही, तिघींची तर त्याच उन्हाळ्यात लग्नं झाली. तुम्हाला वर्गावर ठेवलं, पण मैदान काढून घेतलं. चार वर्षांनी तुम्ही गेलात. तुमच्या बायकोनं माणूस पाठवून निरोप दिला होता. मी पाय दुखतो असं सांगितलं, आणि त्या दिवशी तो खरंच दुखत नव्हता.

आता मी खामगावला असते, शाळेत शिकवते. बाबा माझ्याकडेच असतात. काल पाहुणे आले होते, तेव्हा त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. तुमचं नाव घेऊन थुंकल्यासारखं केलं. पाहुणे म्हणाले, "असे मास्तर असले तं कसं व्हाव?" मी पोह्यांच्या बशा पुढे केल्या.

तुम्हाला पत्र लिहून काही होणार नाही, हे मला कळतं. हे वाचून दाखवायचं तर बाबांनाच. दुपारचे तीन वाजलेत, ते पलीकडच्या खोलीत जागे आहेत, मघाशी त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला, आणि दार ओढून घेऊन परत इथे येऊन बसले.