उशीची बाजू

गुरुवार, १२ फेब्रुवारी १९७६. पिंपरी

आज सुट्टी. सेकंड शिफ्टमुळे आठवडाभर संध्याकाळी खोलीवर नव्हतोच. आज होतो, आणि सूर्य मावळला तो नेमका मी आईला पूर्व म्हणून दाखवलेल्या खिडकीत!

गावाहून आली त्या दिवशी तिने विचारलं होतं, "उत्तर कुठं हाय रे? तिकडं डोकं करून निजू न्हाई." मी ऐटीत होकायंत्र काढलं आणि ठेवलं कुठे, तर लोखंडी कॉटवर. कंपनीत नव्या माणसांना मीच बजावतो, सुईजवळ लोखंड आणू नका म्हणून. आईने मुकाट्याने मी दक्षिण म्हणून सांगितलं तिकडे उशी ठेवली.

आज दुपारी भाजी घेऊन आलो तर ती उलट्या बाजूला डोकं करून पडलेली. मला पाहताच उठली, उशी पुन्हा जागेवर. तेव्हा काही वाटलं नाही. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक? मी कामाला गेलो की उशी फिरवायची, आणि मी आलो की माझ्या मनासाठी उत्तरेला डोकं करून निजायची?

शेवटी सांगितलं, "आई, होकायंत्र कॉटवर ठेवलं, तिथंच चुकलं माझं."

"व्हय का? मला काय कळतंय त्यातलं," म्हणाली. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उशी फिरवून झाली होती.