बिनपंख्याची पेटी

१२ एप्रिल १९९९, मेहरूण, जळगाव
घरात फोन एक, कॉम्प्युटर दोन. खाली माझा, वर धाकट्या भावाचा, सुकदेवचा. त्याला नाशिकच्या कंपनीच्या ई-मेलची वाट आहे, म्हणून सारखा खाली येतो. म्हणे मेल बघायला! नजर माझ्या फायलींवर असते.
उपाय ठरला. राउटर मीच बनवणार. जुन्या कॉम्प्युटरची छोटी पेटी मध्ये बसवायची, ती दोघांना इंटरनेट वाटून देईल. अट एकच: पंखा नको. आवाज आला की पेटी कुठे आहे ते कळणार. कळलं की सुकदेव हात घालणार.

१७ एप्रिल, धुळे
खरेदी मुद्दाम इथे. जळगावचे दुकानदार सुकदेवच्या ओळखीचे. धनसिंग म्हणून दुकानदार आहे, त्याने पेंटियम दाखवला. डोक्यावर पंखा! नापास. मग ४८६, त्याहून जुना. चिपवर नुसती हीटसिंक, उष्णता पसरवणारी धातूची पट्टी. पास. पण पॉवर सप्लायमध्ये पंखा निघालाच. म्हटलं, त्याची वायर काढा.
धनसिंग म्हणाला, “चिपले पंखा नही लागस, भाऊ. पन पेटीले हवा जोयजे.”
पेटीला हवा पाहिजे म्हणे! पंखे खपवायचे असणार. मी ओळखतो असल्यांना.

२५ एप्रिल
फ्लॉपीवरून लिनक्स चढवलं. राउटर सुरू! पेटी कपाटात, गोधड्यांच्या मागे. कुलूप. बायको, कुंदा, विचारत होती, कपाट गरम का लागतं. उन्हाळा आहे, म्हटलं.

३ मे
दुपारी इंटरनेट बंद, संध्याकाळी आपोआप चालू. रोज हेच. दुपारी सुकदेव घरी असतो. आणखी काय पुरावा हवा?

५ मे
पाळतीसाठी रजा टाकली. जिन्याखाली बसलो. सुकदेव उतरला, माठातलं पाणी आणून दिलं. एवढं प्रेम कशासाठी? तेवढ्यात इंटरनेट गेलंच.

८ मे
सरळ विचारलं, वायर तूच उपटतोस ना?
“भाऊ, मेल माझा यायचाय. मी कशाला उपटू?”
वर गेला. स्वतःची वायर गुंडाळून आणली, माझ्या हातात दिली. रात्री जेवायला आला नाही. कुंदा माझ्याशी बोलत नाही.

९ मे
त्याची वायर माझ्या खणात. तरी दुपारी बंद! टेलिफोनवाले त्याला सामील असावेत.

१२ मे
कुंदाने कपाट उघडलं आणि किंचाळली. गोधडी करपलेली. मी पेटीला हात लावला, बोटाला फोड. सुकदेवच धावत आला, बटण बंद केलं. पेटी टेबलावर काढली, घरातला एकुलता एक टेबलफॅन तिच्याकडे फिरवला, स्वतःची वायर पुन्हा जोडली. दुपारभर इंटरनेट चालू. मी घामाने निथळतोय.
तरी नोंद असावी: पंखा बाहेर आहे. पेटी बिनपंख्याचीच.
सुकदेवचा मेल येऊन पडला होता. मुलाखत परवा. संधी थोडक्यात वाचली.

६ जून
नोकरी लागली, सुकदेव नाशिकला गेला. त्याची बायको, सामान, कॉम्प्युटर, सगळं घेऊन. रिक्षात बसताना पाया पडला. मला काही बोलायचं होतं, रिक्षा सुटली.
वर कुलूप. राउटर मस्त चाललाय, दुपारी एकदाही बंद पडला नाही. इंटरनेट कोणाला वाटतोय, कोण जाणे.