पाव टाकीची खूण

तुळजापूर,
८ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांस,
महेश्वरीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

सासर सोडल्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते. मी नांदायला परत जाणार नाही. अणदूरला घरी येऊ का, एवढंच विचारायचं आहे. त्याचं उत्तर द्याल की नाही ठाऊक नाही. पण गणित विचारलं तर मास्तरांना राहवणार नाही, म्हणून सोबत गणितही पाठवते.

लग्नात सुटलेली पदवी मी इथं खोली घेऊन पुरी करते आहे. सध्या संगणकाकडून समीकरणं सोडवायला शिकते. उत्तर सरळ निघत नसेल तर दोन टोकं धरायची, एक कमी पडणारं, एक जास्त होणारं. मध्य काढायचा, ज्या अर्ध्यात उत्तर असेल ते ठेवायचं, पुन्हा मध्य. मी प्रोग्रॅमला सांगितलं, दोन टोकांतला फरक नेमका शून्य झाला की थांब. दुपारपासून तो थांबलाच नाही. घरमालकीण उमाबाई दोनदा डोकावून गेल्या. म्हणाल्या, एवढं काय शिजायलंय त्यात, उतरवा की आता!

मी लगेच बंद केला नाही. तो चालू होता तोवर खोलीत आणखी कुणीतरी सोबतीला आहे असं वाटत होतं.

चूक कुठं झाली, कळवा. माया असू द्या.

तुमची,
महेश्वरी


अणदूर,
१७ फेब्रुवारी

चि. महेश्वरीस आशीर्वाद.

फक्त गणिताचं उत्तर देतो. संगणक दशांशाची ठरावीक स्थळंच धरतो, त्यामुळं नेमकं शून्य त्याला मिळेलच असं नाही. किती चूक चालेल हे आधी ठरवून द्यावं लागतं, असं पुस्तकात सापडलं. मला ते पटलेलं नाही. माझ्या वर्गात अंदाजे उत्तराला मार्क नव्हते, तुलाही दिले नाहीत.

प्रकृती ठीक. तुझी आई गेल्यापासून भाकरी मीच थापतो. करपते.

अप्पा


तुळजापूर,
२६ फेब्रुवारी

ती. अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

पाव इंचाची चूक चालेल असं सांगितलं, तर प्रोग्रॅम क्षणात थांबला. उदाहरण आपल्या शेतातलं घेतलं. लिंबांच्या बागेजवळ टँकरची जुनी टाकी आडवी टाकली आहे ना, ती. व्यास बहात्तर इंच. पाणी मोजायच्या काठीवर तुम्ही दर अठरा इंचांवर खूण केली: पाव, अर्धी, पाऊण. अर्धी बरोबर आहे. पण आडव्या टाकीचा तळ निमुळता, तिथं पाणी कमी मावतं. अठरा इंच कमी पडतात, सत्तावीस जास्त होतात, साडेबावीसही जास्त. असं करत पाव टाकी साडेएकवीस इंचांजवळ येते. तुमच्या पावच्या खुणेला जेमतेम पाचवा हिस्सा पाणी असतं.

तुमची चूक काढायला जीव धजत नव्हता. आईनं हसत सांगितलं असतं. इथं शेजारच्या लॉजवर दर्शनाला कुटुंबंच्या कुटुंबं येतात, सगळ्यांचे आवाज भिंतीतून ऐकू येतात. माझ्याशी दिवसभरात उमाबाईच बोलतात, तेही पाण्याच्या वेळेबद्दल.

घरी येण्याचं तुम्ही काही लिहिलं नाही. मी अजून विचारतेच आहे.

तुमची,
महेश्वरी


अणदूर,
९ मार्च

चि. महेश्वरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तीन दिवस चिडलो होतो. चौथ्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी केली. आपली मोटार ती ऐंशी मिनिटांत भरते. बरोबर वीस मिनिटांनी बंद केली नि काठी बुडवली. साडेएकवीस. बावीस वर्षं मी चुकीच्या खुणेवर लिंबांचं पाणी ठरवत होतो.

शेजारच्या बलभीमला सांगितलं, पोरगी बरोबर निघाली. तो म्हणाला, मास्तर, कशात? नंतर विहिरीच्या कठड्यावर बराच वेळ बसलो. तू सासर सोडून दारात आलीस तेव्हा का आलीस हे मी तुला एकदाही विचारलं नव्हतं. परत जा म्हणालो फक्त.

गावात लोक विचारतील. त्यांना काय सांगायचं ते मला अजून नीट जुळत नाही. ते जुळेपर्यंत तू परक्या खोलीत राहावंस, हे बरं नव्हे. रविवारी ये. पुस्तकं, मशीन सगळं घेऊन ये. स्टँडवर मी उभा असेन.

लोभ होताच. लिहायचा राहिला.

तुझा,
अप्पा