कोणालाही न विचारता

७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१०
आज मुलीशी फोनवर पैज लागली. ती तीस तारखेला दोन वर्षांसाठी परदेशी चालली आहे. विमानतळावर मी सोडतो म्हटलं, तर म्हणाली, नको बाबा, टॅक्सी करू. फोन स्पीकरवर होता. ही स्वयंपाकघरातून ओरडली, टॅक्सीच! मग मेहुण्याचा विषय निघाला. निघणारच. तेरा वर्षांपूर्वी त्याला आणायला गेलो होतो. तो टॅक्सीने घरी आला, आंघोळ केली, जेवला, झोपला, तरी मी विमानतळ शोधत होतो. विमानतळ चुकीच्या जागी बांधलाय हे मी तेव्हाच सांगितलं होतं. ऐकतंय कोण?

मी जमीन मोजणीच्या ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन. सव्वीस वर्षं जगाला नकाशे काढून देतोय. आणि मला म्हणे रस्ता सापडत नाही.

पैज अशी. मुलगी कॉम्प्युटरवर एक गेम खेळते. भलंमोठं बेट. जंगल, लांडगे, थंडी, भूक. नकाशा नाही, कंपास नाही. मेलात की पुन्हा किनाऱ्यावर, अंगावरच्या कपड्यांनिशी. बेटाच्या पूर्व टोकाला तिने घर बांधलंय. एकोणतीस तारखेपर्यंत मी चालत तिथे पोहोचलो तर गाडी मी चालवणार. 'कोणालाही न विचारता' ही अट मी स्वतःहून घातली. ही म्हणाली, झालं कल्याण.

विमानतळापर्यंत दोन तास लागतात. (ही म्हणते चाळीस मिनिटं. तिला अंतराचा अंदाज नाही.) ही मागे बसून झोपेल. म्हणजे मुलगी आणि मी, निवांत दोन तास. ती नोकरीला बाहेर गेल्यापासून धड बोलणंच झालेलं नाही. असो. मुद्दा तो नाही. मुद्दा दिशाज्ञानाचा आहे.

८ नोव्हेंबर, ७.३०
बेटावर उतरलो. दिशा ठरवायला मला अर्धं मिनिट लागलं. समुद्र पाठीशी. सूर्य उजव्या हाताला, क्षितिजाला टेकलेला. घड्याळात संध्याकाळचे साडेसात. म्हणजे सूर्य मावळतोय. म्हणजे उजवीकडे पश्चिम, डावीकडे पूर्व. झालं! डावीकडे निघालो. चार दिवसांत काम फत्ते.

७.५२. लांडगा.

९ नोव्हेंबर
पुन्हा किनारा, पुन्हा डावीकडे. आज दलदलीत बुडून मेलो. सूर्य मावळायचा सोडून हळूहळू वर चढतो, हा दोष लक्षात आला. कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं.

हीसुद्धा गेम खेळायला लागली आहे! मुलीने फोनवर सांगून हिच्या लॅपटॉपवर घालून दिला. म्हटलं, तुला जमायचं नाही, तिथे डोकं लागतं. बरं म्हणाली आणि भांडी विसळायला गेली.

१० नोव्हेंबर
ही मुलीच्या घरी पोहोचली. दुसऱ्या दिवशी! कशी, तर फोन करून विचारलं. मुलीने सांगितलं, तिने ऐकलं, चालत गेली. याला काय अर्थ आहे? असं तर कोणीही पोहोचेल.

१२ नोव्हेंबर, शनिवार
अस्वल. भूक. पुन्हा अस्वल. नंतर एक लाल फळ खाल्लं. खायचं नसतं ते.

यापुढचे निश्चय: (१) घाई नाही. (२) फळं नाहीत. (३) स्वतःचा नकाशा स्वतः काढायचा. स्वतः काढलेल्या नकाशाला विचारणं म्हणजे दुसऱ्याला विचारणं नव्हे.

१४ नोव्हेंबर, ऑफिसात
लंच टाइममध्ये ट्रेसिंग पेपरवर बेटाचा नकाशा पूर्ण केला. स्केल, सूची, दलदल आडव्या रेघांनी, उत्तर दाखवणारा बाण. असा बाण आता कोणाला काढता येत नाही. साहेब टेबलाजवळ आले, कोणतं गाव म्हणाले. म्हटलं, गोपनीय आहे. त्यांनी सवयीने सही केली आणि शिक्का मारायला पाठवला. आता नकाशा प्रमाणित आहे. बेटाला तो मानावाच लागेल.

१५ नोव्हेंबर
बेटाने मानला नाही. जिथे मुलीचं घर असायला हवं तिथे कडा आहे. मी नकाशावर विश्वास ठेवून पाऊल टाकलं.

स्वयंपाकघरातून दोघींच्या हसण्याचे आवाज. फोन चालू ठेवून खेळतात. हिने मुलीच्या घराशेजारी भोपळे लावलेत म्हणे. मला एकाग्रता लागते हे या घरात कोणाला कळणार? दार लावून घेतलं. मग जरासं उघडलं. हवा येत नव्हती.

१७ नोव्हेंबर
कंपनीचं उत्तर आलं. सूर्याबद्दल आजवर कोणाचीही तक्रार नाही. उडवाउडवीची उत्तरं. आमच्या ऑफिसातसुद्धा यापेक्षा बरी देतात.

१८ नोव्हेंबर, ७.४०
चमत्कार! किनाऱ्याच्या उजव्या बाजूला एक पेटती मशाल रोवलेली दिसली. पुढे दुसरी. पुढे तिसरी. ओळच्या ओळ. कोण वेडा असा माल उघड्यावर टाकून जातो? आणि रोवतोय कुठे, तर पश्चिमेकडे. चुकलेला माणूस असणार बिचारा. अकरा उपटून पिशवीत टाकल्या. मशालीला लांडगे घाबरतात म्हणे. मग नेहमीप्रमाणे डावीकडे निघालो.

लांडगे घाबरले. अस्वल नाही घाबरलं. हातातली एक मशाल पुन्हा जाऊन उचलून आणली, पिशवी तर गेलीच नाही. मरण्याआधी ती किनाऱ्यावरच्या पेटीत ठेवून जायची अक्कल आता आली आहे. अनुभव म्हणतात तो हाच.

२० नोव्हेंबर, रविवार
एकूण मशाली चौतीस. ही ओळ संपतच नाही.

मुलीचा फोन. सहज विचारलं तिने, बाबा, वाटेत काही दिसतं का? म्हटलं, मदत करू नकोस, अट आहे.  म्हणाली, मदत नाही करत, पण डोळे उघडे ठेवून चाला हं. मला! डोळे उघडे ठेवायला सांगते! रेघेची अर्ध्या मिलिमीटरची चूक मला चष्म्याशिवाय दिसते.

२३ नोव्हेंबर
आज फक्त मशाली गोळा करायला म्हणून ओळीने चालत गेलो. बासष्ट झाल्या. त्रेसष्टावी उपटली आणि समोर एक घर. छान लाकडी घर. बाजूला भोपळे. चौसष्टावी मशाल दारातच होती. पण लोकांच्या दारातली वस्तू उचलणं माझ्या स्वभावात नाही. खिडकीत दोन बायका होत्या. जोरजोरात हात हलवत होत्या. उड्याही मारत होत्या. मशाली चोरल्या म्हणून ओरडत असतील. आपण कशाला त्या भानगडीत पडा. शिवाय कोणाला विचारायचं नाही ही अट. मान खाली घालून मागे फिरलो.

बाहेर आलो तर ही स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावून उभी. डोकं दुखतंय का विचारलं.  म्हणाली, सांगायचं नाही असं वचन दिलंय, नाहीतर. नाहीतर काय, ते विचारलं नाही. मी कोणालाच काही विचारत नाही सध्या.

२५ नोव्हेंबर
डावीकडे. नदी. मगर. नदीत मगर असणार हे ओघानेच आलं.

२७ नोव्हेंबर, रविवार
चार वेळा मेलो. मुलीशी गाडीत काय बोलायचं ते ठरवत होतो म्हणून लक्ष नव्हतं. पहिलं वाक्य ठरलं आहे: स्वेटर घेतलास का? दुसरं जमत नाहीये. कागदावर लिहून पाहिलं, खोडलं. ऑफिसातल्या पत्रासारखं होतंय.

२८ नोव्हेंबर, ८.१५
मुलीचा फोन. मशाली किती जमवल्या ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्रेसष्ट!   मुलगी हळू आवाजात म्हणाली, बाबा, मी चौसष्ट लावल्या होत्या. किनाऱ्यापासून माझ्या दारापर्यंत. चार संध्याकाळी लागल्या. तुम्हीच गाडी चालवावी म्हणून.

म्हणजे त्या दोन बायका.

म्हटलं, पण ती पश्चिम होती. सूर्य तिकडे मावळत होता. ती म्हणाली, उगवत होता बाबा. गेममध्ये त्या वेळी सकाळ असते. मागून हीसुद्धा म्हणाली, घड्याळ आपल्या भिंतीवर आहे, बेटावर नाही.

मला फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही. मुलीने माझ्यासाठी वाट उजळली आणि मी ती मशालीमशालीने विझवत तिच्या दारापर्यंत गेलो. आणि परत आलो.

पण अजून उद्याचा दिवस आहे. चूक नेमकी सापडली की काम सोपं. सूर्य उगवता आहे. सूर्याकडे चालायचं. संपलं.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.००
हाफ डे टाकला. साहेबांना घरगुती अडचण सांगितली. मुलगी आठपर्यंत सामान घेऊन घरी येईल. त्याआधी तिच्या दारात उभा असेन.

५.०५. बेटावर. सूर्य आज डाव्या हाताला! क्षणभर गोंधळलो. पण मी आता शहाणा झालोय. कालच ठरलंय, हा सूर्य उगवता असतो. कंपनीने माझी तक्रार मनावर घेऊन जागा बदलली असणार. सूर्याकडे निघालो. म्हणजे डावीकडे.

५.२०. सूर्य बुडाला.

५.३१. अंधार. मशाली किनाऱ्यावरच्या पेटीत राहिल्या. त्रेसष्टच्या त्रेसष्ट.

५.३४. लांडगा. बहुतेक तोच, पहिल्या दिवशीचा.

७.५०. मुलगी आली. स्क्रीनवर मी किनाऱ्यावर उताणा. तिने बॅग खाली ठेवली, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बघत राहिली. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, बाबा, त्या दिवशी दारापर्यंत आला होतात, धरू या का पोहोचलात? मी म्हटलं, नाही. आत गेलो नव्हतो. मोजणीत असं धरून चालत नाही.

कशाला बोललो, देव जाणे.

हिने टॅक्सी सांगितली.

३० नोव्हेंबर
सामान जास्त, म्हणून मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. त्या दोघी मागे. मी दोनदा डावीकडे म्हटलं. ड्रायव्हर दोनदा उजवीकडे वळला. मागे वळून मुलीला विचारलं, स्वेटर घेतलास का? घेतला म्हणाली. दुसरं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, आलं.

अडतीस मिनिटं.

सामान उतरवताना मुलगी हिला म्हणाली, बाबांनी आणलं असतं ना, तर आपण अजून रस्त्यातच असतो. ही हसली, ड्रायव्हर हसला. मीही हसलो.

अजून रस्त्यात असणं, तेच तर हवं होतं मला.