ल्येर्काच्या डबड्यातला आवाज

मी, व्येकोस्लाव हर्गोविच, वय शहात्तर, निवृत्त वीजतंत्री, राहणार ओसियेक, द्रावा नदीकाठ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी बळजबरी केलेली नाही, उलट थोरली बहीण म्हणाली, "कशाला आत्ताच?"

कलम १. राहते घर, परसातली आलुबुखाराची झाडे आणि बँकेतली शिल्लक माझी थोरली बहीण ल्येर्का हिला मिळावी. ती जन्मापासून आंधळी आहे. टेलिफोन खात्यात तिने उमेदीची वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर नदीकाठच्या बायकांच्या गोष्टी लिहायला घेतल्या. घरातले सामान कोणी हलवू नये. तिला ते जागच्या जागी पाठ आहे.

कलम २. होडी धाकट्या बहिणीचा मुलगा क्रेशो यास. होडीला भोक आहे. ते त्यानेच पाडले, आणि वर मलाच म्हणाला, "मामा, बुडाली तर नाही ना!"

कलम ३. लॅपटॉप. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

ल्येर्का ज्या संगणकावर लिहायची तो ऐंशीच्या दशकातला. माझा मित्र ज्व्होनिमिर याने त्यासाठी बोलणारा प्रोग्राम लिहून दिला होता. ती टाइप करायची आणि यंत्र वाचून दाखवायचे, डबड्यात तोंड घालून कोणी बोलावे तशा आवाजात. ती खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात असताना मी तो संगणक, फ्लॉपीच्या खोक्यासकट, भंगारात दिला आणि नवा लॅपटॉप आणून ठेवला. तिला खूश करायचे होते. त्या फ्लॉप्यांवर तिच्या सगळ्या गोष्टी होत्या. मी विचारले नाही.

घरी आल्यावर तिने टेबलावरून हात फिरवला. "माझ्या बायका कुठायत, व्येको?"

मी भंगारवाल्याकडे धावलो. सगळ्याचा चुरा झाला होता.

लॅपटॉपचा आवाज गोड. पण हिवाळाभर तिने एक ओळ लिहिली नाही. म्हणाली, "ही बाई माझं वाक्य स्वतःचं असल्यासारखं वाचते. तो डबडेवाला नुसता वाचायचा. वाक्य माझंच राहायचं."

ज्व्होनिमिर आता नाही. त्याची मुलगी सुंचाना हिच्याकडे त्या प्रोग्रामची प्रत निघाली. तिने लॅपटॉपवर एम्युलेटर बसवला. "काका, हे नवं मशीन जुन्याचं सोंग घेतं. प्रोग्रामला कळतच नाही घर बदललंय ते." पहिल्यांदा आवाज चिमण्या भांडाव्यात तसा आला. सुंचाना वेग उतरवत गेली, आणि मग तो डबड्यातून बोलला.

ल्येर्का दचकली, मग हसली. "मेल्या, होतास कुठे?"

प्रश्न मला नव्हता, तरी मान मीच खाली घातली. आवाज परत आला. वाचायला काही उरले नव्हते.

सध्या ती एका धोबिणीची गोष्ट पुन्हा लिहिते आहे. "शेवट आठवत नाही रे," म्हणते, आणि मी उठून परसात जातो.

हा लॅपटॉप एम्युलेटरसह ल्येर्काचा. मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून सुंचानाने तिच्या लिखाणाच्या प्रती राखाव्यात आणि हे यंत्र थकले की सगळे पुढच्यावर चढवावे. आवाज सुधारू नये. क्रेशोने हात लावू नये.

कलम ४. माझ्या अंत्यविधीत कोणी मला "भला भाऊ" म्हणू नये. पाद्रीबाबांना आधीच बजावून ठेवावे.

सही करण्यापूर्वी हा मजकूर सुंचानाने टाइप करून त्याच आवाजात ल्येर्काला ऐकवला. चौथे कलम तिने दोनदा लावायला सांगितले. मग म्हणाली, "घर घेईन. पण तुझा अपराध माझ्या नावावर करू नकोस, तो तुझा तूच सांभाळ. आणि सह्या काय त्या बाहेर जाऊन करा. मला लिहायचंय."

म्हणून सह्या परसात, उभ्याने झाल्या.

व्येकोस्लाव हर्गोविच (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली. लिहिणारा शुद्धीत होता, रडत होता.
१. जुर्जित्सा बालेन, शेजारीण (सही)
२. आन्तुन शोल्त्स, मधमाशीपालक (सही)

ओसियेक, १४ नोव्हेंबर २०२३