माझा ‘कावून’ कोणाच्या नावे

मी, पीयूष चंपत कापगते, वय एकवीस, राहणार पावर हाउस भाग, भिलाई, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. जीव देण्याचा विचार नाही. आईने रडू नये. सोमवारपासून ठेकेदाराकडे रोलिंग मिलमध्ये लागतोय. त्याच्या फॉर्मवर वारसासाठी एकच ओळ होती. माझं तेवढ्यात मावत नाही. हिंदीत लिहिणं सोपं गेलं असतं, पण ज्या शब्दापायी कॉलेज सुटलं तो घरचा आहे, म्हणून घरच्या भाषेत.

१. मोटरसायकल बहिणीला, भूमिकाला. बाबांना नाही. ते किल्ली लपवतात.

२. वर्गातला खिडकीजवळचा तिसरा बाक. माझ्या मालकीचा नाही, तरी देतो: सरांना जो प्रश्न विचारील त्याला. सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना या कागदात जागा नाही. ते लिहवून घेत होते, “पहले कर्तव्य, फिर अधिकार.” मी उठलो. ‘क्यों’ म्हणणार होतो, तोंडातून निघालं, “कावून, सर?” घरी आम्ही ‘का’ला तेच म्हणतो. वर्ग हसत सुटला. सर म्हणाले, “ये कावून-फावून घर पे. यहाँ लिखो.” त्या दिवसापासून माझं नाव कावून पडलं. उत्तर आजपर्यंत मिळालं नाही.

३. ते नाव विक्कीला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला, आणि बाहेर आल्यावर माझ्या कानात म्हणे, यार, मेरे को भी यही पूछना था. आता त्याने विचारावं. आतमध्ये, उभं राहून.

४. बाबांना काही नाही. उलटून विचारलं म्हणून सरांनी ऑफिसात बोलावून माफीनामा मागितला आणि मी खुर्ची ढकलून निघून आलो, तेव्हा बाबा माझ्यावरच तापले. “मास्तर हाय तो. त्याले कावून विचारलं तू, ‘कावून’ म्हनून?” भात कावून करपला, नळ कावून गेला, पोट्टा कावून उशिरा आला, घरातले सगळे कावून त्यांच्याच मालकीचे आहेत. माझा एक चालत नाही.

५. आम्रपाली रामटेके. हे कलम मी पुन्हा पुन्हा खोडलं. तिचे वडील रेल्वेत, माझे प्लांटात. ते बौद्ध, आम्ही जातीने कोहळी. मध्ये काय उभं आहे ते आमच्या दोन्ही घरांना सांगावं लागत नाही. वर्ग हसत होता तेव्हा ती एकटीच उठून म्हणाली होती, “सर, इसका सवाल बाकी है.” मला वाटलं, ही आपल्या बाजूची. कँटीनमध्ये तिने माझं सगळं म्हणणं उसवलं, आवाज न चढवता. “सवाल बरोबर हाय तुझा. पन हक्क हक्क करतं, अन् घरी जेवलेलं ताट कोन उचलते?” त्या दिवशी घरी ताट मीच उचललं. आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला. माझं मन तेव्हाच तिच्याकडे गेलं, ते परत आलेलं नाही.

पण सर्वांत जास्त राग तिचाच. कॉलेज सोडलं तर म्हणते, “तू पळाला. आता सर सांगून राहिले, पाहा, सवाल करनारे टिकत नाय.” हे सरांनी म्हटलं असतं तर मी थुंकलो असतो. ती म्हणाली म्हणून झोप गेली. म्हणून माझा ‘कावून’ मी तिच्या नावे करतो. तो तिच्या तोंडी शोभतो. तिच्यावर कोणी हसत नाही.

ठिकाण: भिलाई. तारीख: सोमवारच्या आधीचा रविवार.
लिहून देणार: पीयूष चंपत कापगते

साक्षीदार पहिला: चिंधू, पानठेलेवाला. न वाचता सही केली. असे साक्षीदार वर्गातही पुष्कळ होते.

साक्षीदार दुसरी: आम्रपाली रामटेके. सहीच्या जागी तिने स्वतःच्या हाताने लिहिलं ते असं:

“कलम पाच नामंजूर. तुझा कावून तूच वागव, माझा माझ्याजवळ आहे. काल ऑफिसात विचारलं, तुझं नाव अजून कटलं नाही. सरांना म्हटलं, माफी नाही, पण तो खुर्ची न ढकलता विचारील. त्यांनी नाही म्हटलं नाही. बाक धरून ठेवते. येणार नसशील तर कावून, ते समोर येऊन सांग. तोपर्यंत सही नाही.”

दुसरी सही नसल्याने हा कागद लागू होत नाही. राग लागू आहे. ठेकेदाराला सोमवारी येत नाही म्हणून कळवलं. त्याने विचारलं, क्यों? मी म्हटलं, एक कावून बाकी है.